तू गात गात गेली नव्हतीस

रायपूर, नोव्हेंबरचा दुसरा रविवार, दुपार

आई, फार दिवसांनी लिहिते आहे, त्याबद्दल माफ कर. तू गेल्यावर पहिली दोन वर्षं मी या वहीत दर रविवारी तुला काहीतरी लिहायचे. मग ते थांबलं. वेळ मिळाला नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, आणि आजच्या पत्राची सुरुवात तरी खोट्याने नको. तुझ्याशी बोलताना दर वेळी एक गोष्ट टाळून बोलावं लागायचं, म्हणून मी बोलणंच सोडून दिलं. तू गेलीस त्या दिवशी मी तुझ्याबद्दल एक खोटं सांगितलं. अकरा वर्षं ते चर्चमध्ये फिरतं आहे, आणि आज मला ते एका माणसाच्या उशाशी बसलेलं दिसलं.

बुढापाऱ्यातली काकू तुला आठवत असेल. महिला सभेत तुझ्या शेजारी बसणारी, तू नर्स म्हणून तुला शेवटपर्यंत 'सिस्टर' म्हणणारी. तिचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले आपले गार्डकाका, महिन्याभरापासून अंथरुणाला खिळले आहेत. छातीत पाणी होतं, आता डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं आहे. घरी न्या याचा अर्थ तुला मी काय सांगायचा. आज आराधना संपल्यावर मी तलावामागच्या त्यांच्या गल्लीत गेले. काकू दारातच उभी होती, जणू कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून.

"तू आहेस होय. ये ना बाई. तुले काय अडवायचं."

"काहून, कोणाला अडवता काकू?"

"सगळ्याईलेच. येतात, प्रार्थना करतात, आन् हे शिव्या देतात. परवा पाद्री साहेबाले म्हणाले, तुमचा प्रभू बहिरा झाला का? मी कुठं तोंड लपवू सांग. चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसणारा माणूस."

आतून काकांचा आवाज आला, "कोण आहे? सिस्टरची पोट्टी का?"

मी आत गेले. तीन उशांना टेकून बसले होते, आडवं झालं की श्वास लागतो म्हणून. माणूस निम्मा राहिला आहे. काकूने चहा आणला आणि माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "हिची आई कशी गेली, आठवा जरा. राणीसारखी गेली सिस्टर. गात गात. ना कुरकुर, ना शिवी. विश्वास असला का असं असते." काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गात होती गं सिस्टर? मलेही शिकवून दे ना ते गाणं. माझ्याच्यानं तर होऊन नाही राहिलं."

मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांची जुनी सवय, लग्नात नवरदेवालासुद्धा सोडायचे नाहीत. पण त्यांचे डोळे हसत नव्हते. "मले भेव वाटते पोरी," ते म्हणाले. "लहानपणापासून जाऊन राहिलो चर्चमध्ये. मग भेव काहून वाटते? म्हणजे माझं सारं नकलीच होतं का?"

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काका, जास्त बोलू नका, धाप लागेल." चहा प्यायले. तोही पूर्ण प्यायले, कारण उष्टा टाकलेला काकूला चालत नाही. आणि 'जय मसीह की' म्हणून बाहेर पडले.

आता मी जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे आणि इतका संताप येतो आहे की पेन कागदात रुततं आहे. कुणाचा संताप, ते लिहिताना शोधते आहे.

तुझा शेवटचा आठवडा मला तासातासाने आठवतो. तू नर्स, तुला सगळं कळत होतं. आम्ही 'बरी होशील' म्हटलं की तू आमच्याकडे अशी पाहायचीस की आमचं वाक्य अर्ध्यातच बसायचं. पाद्री साहेब आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस आणि मला म्हणालीस, "त्याईले सांग, उद्यापासून नका येऊ." उशाशी ठेवलेलं पवित्र शास्त्र तू कपाटात ठेवायला लावलंस. शेवटच्या सकाळी खिडकी उघडी आहे, ऊन तुझ्या पायांवर आलं आहे, आणि तू माझं मनगट धरून विचारते आहेस, "तिथं कोणी नाही ना? मले कोणीच दिसून नाही राहिलं." मी म्हणते, "मी आहे ना आई." तू म्हणतेस, "तू इथं आहेस. मी तिथलं विचारून राहिली." मग, "हात सोडू नको." तुझी नखं रुतली होती ती खूण पुढे चार दिवस होती. गाणं नव्हतं, आई. एक ओळही नव्हती.

दफनाच्या वेळी वाचायचा जीवनपरिचय मीच लिहावा असं ठरलं, कारण घरात कॉलेज झालेली मी. तुला माहीत आहे तो कागद कसा असतो: जन्म, बाप्तिस्मा, विवाह, सेवा, आणि शेवटी अंत. बाकी सगळं मी सरळ लिहिलं. अंतापाशी थांबले. बाहेर मंडळी उन्हात उभी होती, दादा दारातून म्हणत होता, "लवकर कर ना." तेवढ्यात पाद्री साहेब आत आले आणि अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "दीदी, अंत शांति से हुआ न?" मी म्हटलं, "हव." एवढंच. एका अक्षराला लागून दुसरं अक्षर. पण एकदा 'हव' म्हटल्यावर रिकामी जागा भरायला मी मोकळी झाले. 'गीत गाते हुए प्रभु में सो गईं' असं लिहिलं, आणि वाचताना माझा आवाज भरून आला, आणि बायका रडल्या, आणि मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे. मला बरं वाटलं.

तेव्हापासून ते वाक्य माझं राहिलं नाही. पाद्री साहेब दर वर्षी एखाद्या तरी उपदेशात म्हणतात, "हमारी सिस्टर को याद कीजिए," आणि माना माझ्याकडे वळतात, आणि मी मान डोलावते. महिला सभेत एक बाई दर वेळी प्रार्थना करते की सिस्टरसारखं मरण दे. गवाही द्यायला, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहणारा प्रत्येक जण शेवट गोड झालेलीच गोष्ट सांगतो. ज्याची गोष्ट अजून मधेच अडकली आहे, तो बाकावर गप्प बसतो. मी त्या ढिगात आणखी एक गोड शेवट टाकला, आणि आज गार्डकाका त्याखाली दबले आहेत. त्यांना मरणाची भीती आहेच. वरून त्या भीतीची लाजही मी दिली.

मी दिवसभर समता कॉलनीतल्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट तपासते. एखादं टिंब इकडचं तिकडे झालं तर डॉक्टरांना फोन करून रिपोर्ट परत मागवते. नवीन मुली मला मागून 'टिंबवाली दीदी' म्हणतात, मला ठाऊक आहे. ही सवय तुझीच. सातवीत होते, बाबांना टायफॉइड झाला होता. तू ड्यूटीवर जाताना रेघा मारलेला कागद दिलास आणि दर चार तासांनी ताप घेऊन लिही म्हणालीस. मी अंगणात बिल्लस खेळत राहिले आणि तू यायच्या आधी सगळ्या चौकटींत नव्याण्णव, नव्याण्णव लिहून टाकलं. तू आलीस, कागद पाहिलास, बाबांच्या कपाळाला हात लावलास आणि थर्मामीटर लावलंस. एकशे तीन.

मला वाटलं आता मार बसतो. तू मारलं नाहीस. पेन हातात दिलंस. मी खोडरबर शोधत होते तर म्हणालीस, "खोडू नको. एक रेघ मार त्यावर, दिसलं पाहिजे काय लिहिलं होतं ते. आन् बाजूले लिही, 'घेतला नाही'." मी लिहिलं. मग तू म्हणालीस, "जागा रिकामी असती तर मले समजलं असतं, ताप पाहिला नाही म्हणून. मी येताबरोबर पाहिलं असतं. तू तर ती जागाच भरून ठेवली. आता कोण पाहणार तिथं?" मी रडत म्हटलं, देवाची माफी मागते. त्यावर तू जे बोललीस ते आज काकांकडून परतताना सारखं डोक्यात होतं: "देवाले मागून सांगजो. तो कुठं पळून नाही चालला. ज्याचा ताप होता त्याले सांग आधी."

अकरा वर्षं मी बरोबर उलटं करते आहे. दर रविवारी सगळ्यांनी मिळून म्हणायची पापकबुली मी मोठ्याने म्हणते. 'आम्ही' चुकलो, 'आम्ही' भटकलो. त्या 'आम्ही'त इतकी गर्दी आहे की माझं पाप आरामात उभं राहतं, कुणाचा धक्का लागत नाही. घरी गुडघ्यांवरसुद्धा सांगितलं आहे मी. देवाला सांगणं सोपं आहे, तो काकूला जाऊन सांगत नाही.

मघाशी बीरगावला दादाला फोन केला. म्हटलं, मी जाऊन काकांना खरं सांगणार आहे.

"कायचं खरं?"

"आई गात नव्हती ते."

तो चिडला. "अकरा वर्षं झाली. आता काहून उकरून काढून राहिली? लोक काय म्हणतील, सिस्टर विश्वासात नाही गेली? आईची इज्जत काढायची आहे का तुले? कोणाचं काय बिघडलं त्यानं?"

"काकांचं बिघडलं."

"काका आज आहेत, उद्या नाहीत."

"म्हणूनच म्हणून राहिले ना दादा."

"अन् तसंही," तो म्हणाला, आवाज एकदम खाली आला, "गात तर होतीच ना ती. मले आठवते. हळूहळू, ओठातल्या ओठात."

आई, दादा तेव्हा खोलीत नव्हता. तो डॉक्टरांना आणायला गेला होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवतं. तुझ्या मरणाची त्याच्याजवळ जी काही आठवण असेल, ती माझ्या वाक्याने खाऊन टाकली. मी फोन ठेवला, त्याला समजावता आलं नाही. उलट मीच म्हटलं, "बरं, पाहू." हेही खोटंच. पाहायचं काही नव्हतं.

आणि तुझाही राग येतो, लिहून टाकते. तू मला 'घेतला नाही' लिहायला शिकवलंस आणि स्वतः असं मरण देऊन गेलीस की जे मला उभं राहून वाचता येईना. एकदा तरी म्हणायचंस, लिहीजो जसं झालं तसं. पण तेव्हा तुला श्वासच पुरत नव्हता आणि मी तुझ्याकडून परवानगी मागते आहे. हे किती खोटारडं आहे ते मला लिहिता लिहिता दिसतं आहे.

तू मला विचारलंस, 'तिथं कोणी नाही ना', आणि तरीही हात सोडू नको म्हणालीस, यात विश्वास होता की नव्हता, ते मला माहीत नाही. मंडळीत उठून कुणी विचारलं तर काय सांगू याची आत्ता मनात तयारी चालली होती, एक छानसं उत्तर जुळतही आलं होतं. ते लिहीत नाही. ती जागा रिकामी ठेवते.

हे पत्र वहीतच राहील. एक कबुली मात्र बाकी आहे, दादाला दिली नाही, तुला देते. चर्चमध्ये तुझं आवडतं गीत सुरू झालं की कधीकधी मलाही तुझा आवाज ऐकू येतो, त्या सकाळचा, ओठातल्या ओठात. मी तिथे होते, मला माहीत आहे की तो नव्हता, तरी येतो. तो पूर्ण खरा वाटायला लागायच्या आत कुणाला तरी सांगायला हवं.

उद्या: लॅबला जायच्या आधी बुढापारा. काकूसमोरच काकांना सांगायचं की सिस्टरलाही भेव वाटलं होतं.