खुंटीवरचा कोट

ठमे,

सकाळी बाथरूमच्या दाराआडून तुझी कुरकुर ऐकली. मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस, "कोटाचं नाव काढलं की आई कल्टी मारते यार." दिवसभर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईला तुमची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही गं. माप देता देता पोरं सगळं बोलतात.

पण तूही काही कमी नाहीस. उभी राहा, माप घेते म्हटलं की "लोड नको घेऊ आई, करू नंतर." असं चिल मारता मारता, ज्यात तुला बाबांचा कोट घालायचाय ते शाळेचं नाटक परवावर आलं.

मी दुकानात जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. बाबांचा कोट मशीनवर आहे. बाह्या खडूने आखल्यात, पण कात्री लावायला हात धजला नाही. एकदा कापला की तो त्यांना कधीच होणार नाही. तुलाही तेच वाटत असणार. नाहीतर मी घरात नसताना अंगात घालून पुन्हा खुंटीला का अडकवतेस? खांदे दुमडलेले दिसतात मला.

आज तू फक्त अस्तर उसवून ठेव. मी आले की दोघी मिळून कापू.

आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, तर "बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत" असं आता सांगू नकोस. मीच शिकवलं होतं तुला तसं. बाबा आपल्याला टाकून गेलेत, ठमे. ते परत येणार नाहीत.

आई