गॅलरीतली गादी

अहो,

घरपट्टीच्या हरकतीसाठी कचेरीतला माणूस आज अकराला टेप घेऊन मोजायला येतोय. मला रजा मिळाली नाही, तेव्हा दार तुम्हीच उघडा.

पाहणीच्या फॉर्मवर तुम्ही ‘झोपायच्या खोल्या दोन’ असं लिहून मोकळे झालात, म्हणून त्यांनी बंद गॅलरी खोलीत धरली आणि कर वाढवला. हरिश्चंद्राचे अवतारच तुम्ही! शेजाऱ्यांची गॅलरीही एवढीच आहे, पण ती खोलीत धरलेली नाही. त्यांच्या बिलाची प्रत जोडून, मुदत संपायला दोन दिवस असताना मीच धावत जाऊन अर्ज दिला. त्यात लिहिलंय की तिथे फक्त कपडे वाळतात, कोणी झोपत नाही.

दोरीवर ओले कपडे घालून ठेवलेत. तो यायच्या आत तुमची गादी गुंडाळून पलंगाखाली सरकवा आणि उशी पलंगावर ठेवा. तुमची बाजू वर्षभर रिकामीच आहे, जागा करावी लागणार नाही.

तो गेल्यावर सगळं परत गॅलरीत न्यायचं असेल तर न्या. फक्त मी घरी यायच्या आत न्या. नेताना मला बघायचं नाही.