भिंगरीसाठी किती शाळा?

३ जानेवारी

अकरा! वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलासाठी अकरा शाळांत अर्ज केलेत. जिन्यात भेटल्या आणि इतक्या सहज सांगून गेल्या, जणू डझनाला एक कमी केळी आणली. एवढ्या कशाला, म्हटलं. तर म्हणाल्या, चांगल्या खासगी शाळांचा काही नेम नसतो, जितकी दारं ठोठावाल तितकं बरं. वर विचारलं, तुमच्या मुलीसाठी किती?

मी म्हटलं, बघतोय अजून. खोटं! बघत कुणीच नव्हतं. भिंगरीची शाळा सातवीलाच संपते हे आम्हाला सात वर्षांपासून माहीत आहे, आणि आम्ही निवांत.

पण आता अंगात वारं भरलंय. दुपारी तलावावर मुलांना पोहायला शिकवत होते, शिट्टी तोंडात, आणि डोक्यात फक्त शाळा. एका मुलाला दोनदा उलटं पोहायला लावलं. बिचारा पोहला.

५ जानेवारी

जेवताना विषय काढला. नवरा म्हणाला, तीन पुरे. तो दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत एक मूळ भाग आणि दोन जादा भाग ठेवायची सवय. सासूबाई म्हणाल्या, एक. त्यांच्या गावात एकच शाळा होती, आणि त्या शाळेला मुलांना घ्यावंच लागायचं, कारण दुसरी मुलं आणणार कुठून?

मी म्हटलं, नऊ.

भिंगरी टेबलाखाली वाकून खुर्चीचा पाय कसा बसवलाय ते बघत होती. जेवताना दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! एरवी करवत-हातोडी घेऊन घरभर ठोकाठोक. नाव उगाच नाही पडलं.

१० जानेवारी

काय दिवस! तीन शाळा पाहून आलो. आज पालकांना शाळा बघू देत होते, सगळी दारं उघडी. एका शाळेत चक्क तारांगण आहे — गोल छताखाली मान वर करून बसायचं आणि ग्रह फिरतात. मी बाहेर यायलाच तयार नव्हते. नवऱ्याने दंडाला धरून काढलं.

दुसरी निळ्या रंगाची. तिथे तलाव आहे! आत, काचेच्या छपराखाली. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि तळाशी त्याची जाळी हलत होती. मी खाली बसून हात बुडवून पाहिला. आमच्या तलावाच्या फरशा कितीदा बदला म्हणून सांगितलं, पण नगरपालिकेच्या कानावर ढिम्म.

तिसरी अगदी लहान. साधी कौलारू इमारत, मैदानात एक जुनं झाड. मला काही विशेष वाटली नाही. पण भिंगरी हरवली. शोधशोध शोधलं, तर सुतारकामाच्या खोलीत. तिथल्या सरांनी तिला रंधा धरायला दिला होता. केसांत भुसा, आणि तोंड असं, जणू वाढदिवस.

११ जानेवारी

सात ठरल्या! नऊ आणि तीनच्या मध्ये सहा येतात, असं नवरा म्हणत राहिला. मी म्हटलं, हिशोब तू यंत्रांशी कर.

१८ जानेवारी

तयारी जोरात. प्रत्येक शाळेत मुलीला एकच प्रश्न विचारतात म्हणे — हीच शाळा का? मी प्रत्येकीचं वेगळं उत्तर तयार केलंय. भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या मारत पाठ करते. तारांगणवाली: मला लहानपणापासून आकाशाची ओढ आहे. डोंगरावरची: मला शिस्त आवडते. शिस्त म्हणताना तिला हसू फुटतं. मग मला फुटतं. मग सासूबाई आतून विचारतात, अभ्यास चाललाय की तमाशा?

मला तर मजा येतेय. लहान असताना मला कुणी विचारलंच नाही, हीच शाळा का. आता सात वेळा विचारणार, तेही माझ्या लेकीला!

२२ जानेवारी

भिंगरीचं पोट दुखतंय. काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल.

२४ जानेवारी

आज दोन मुलाखती. सकाळी तारांगणवाली, दुपारी डोंगरावरची. मधे गाडीतच केळी खाल्ली.

सकाळची ठीक झाली. डोंगरावरच्या शाळेत आम्हालाही तिच्यासोबत आत बसवलं. समोर दोन शिक्षक आणि मिशीवाले मुख्याध्यापक. त्यांनी विचारलं, बाळ, आमचीच शाळा का? भिंगरी ताठ बसली आणि घडाघडा म्हणाली की मला लहानपणापासून आकाशाची ओढ आहे आणि तुमचं तारांगण पाहून मी भारावून गेले.

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, आमच्याकडे तारांगण नाही गं.

मला वाटलं ती हसेल. एरवी हसली असती. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि डोळ्यांतून टपटप पाणी. मी तिला जवळ घ्यायला उठले, तर तिने बापाचा हात धरला. माझा नाही.

२५ जानेवारी, रविवार

काल घरी येऊन ती झोपली, ती आज उशिरा उठली. मी दूध घेऊन गेले. माझ्याकडे पाठ करून पडली होती. भिंतीकडे बघतच बोलली.

"आई, प्रत्येक शाळेसाठी मी वेगळी मुलगी होते. त्यातली एखादी त्यांना आवडली, तर मग मी काय करू? रोज तीच होऊन जाऊ?"

पोट का दुखत होतं ते आता कळलं. करवत, हातोडी, लाकडाचे तुकडे — कितीतरी दिवसांत तिने काही हातात धरलं नव्हतं. घर कसं शांत होतं! आणि मला वाटत होतं, पोरगी शहाणी झाली.

दुपारी चौघं बसलो. पहिल्यांदाच तिला विचारलं, तुला किती शाळांत मुलाखतीला जायचंय? ती म्हणाली, दोन. कौलारू आणि निळी. या दोनच का? तर म्हणे, त्यांची उत्तरं तू अजून पाठ करून घेतली नाहीस.

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. हसतोय हे खांद्यांवरून कळत होतं. सासूबाईंनी तर तोंडाला पदर लावला.

दोन! बाकीच्यांना उद्या फोन करून नाही म्हणून सांगणार. डॉक्टरीणबाईंना कळलं तर चक्कर येईल. मला मात्र खांद्यावरून गोणी उतरवल्यासारखं हलकं वाटतंय.

३१ जानेवारी

कौलारू शाळा. तिला म्हटलं, तुला वाटेल ते बोल. आम्ही झाडाखाली बसलो. खूप वेळ झाला, तरी ती येईना. शेवटी सुतारकामाचे सर तिला सोडायला आले. म्हणाले, मुलाखत केव्हाच संपली, पण हिने आमच्या बाकाचा एक पाय डुगडुगतो हे शोधून काढलं, मग आम्ही तो बसवत होतो.

परतताना गाडीत अखंड बडबड. चालू द्या!

७ फेब्रुवारी

काय करून ठेवलं मी आज! लिहितानाही कानशिलं तापतायत.

निळ्या शाळेत भिंगरीला आत नेलं, आम्हाला बाहेर बसवलं. आमची पाळी नंतर. नवरा मासिक वाचायला लागला. मला तलावाचा वास येत होता. म्हटलं, नुसतं डोकावून येते.

आत एक तरुण शिक्षक एकटा, आणि पाण्यात वीसेक पोरं. तो बिचारा चारी बाजूंना बघत होता. आणि कोपऱ्यात एक मुलगी, कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट चिकटलेली, हनुवटी थरथरत. बाकीची पोरं तिला चल चल म्हणत होती. ते ऐकून ती आणखीच घट्ट धरत होती.

मला राहवलं नाही. शिक्षकाला विचारलं, मी बसू का हिच्याजवळ? तलावावर शिकवते मी. त्याने सुटल्यासारखी मान हलवली. काठावर बसले, पाय पाण्यात सोडले. पँट गुडघ्याच्या वरपर्यंत भिजली. तिला म्हटलं, कठडा सोडायचाच नाही हं, आपण दोघी इथेच बसू. मग गरम दूध गार करतात तशी पाण्यावर फुंकर मारायला लावली. मग ओठ पाण्यात. मग गाल. नंतर मी नुसत्या गप्पा मारत बसले. तिच्या घरी मांजर आहे, त्या मांजरीला एक कान नाही. सांगता सांगता तिने एक हात सोडला, कान कुठे नाही ते दाखवायला. आणि तिच्या लक्षातच आलं नाही!

एवढ्यात नवरा दारात. आपल्याला बोलावतायत.

तशीच गेले. बुटांतून पचपच आवाज. गालिच्यावर माझी पावलं उमटत गेली. भिंगरी खुर्चीत बसली होती, तिने मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापिका वयस्कर, पांढरे आखूड केस. त्यांनी विचारलं, काय झालं? झालं! माझी टकळी सुरू झाली. घाबरलेल्या मुलाचा हात कधी सोडवू नये, त्याला तो स्वतः सोडू द्यावा, भीती पाण्याची नसते, चारचौघांत फजिती होण्याची असते — काय काय बोलले! नवऱ्याने कोपर टोचलं तेव्हा थांबले. तोवर वेळ संपली होती. मुलीबद्दल एक अक्षर बोलले नाही. एक अक्षर नाही!

घरी येताना मी माफी मागितली. भिंगरी म्हणाली, जाऊ दे, ती मुलगी पोहली का?

२१ फेब्रुवारी

कौलारू शाळेने घेतलं! भिंगरी घरभर नाचली, सासूबाईंना नाचवलं, त्यांचा चष्मा पडला. सुतारकामाच्या सरांनी पत्राखाली स्वतःच्या हाताने लिहिलंय — बाक अजून हललेला नाही.

निळ्या शाळेत ती प्रतीक्षेत आहे, म्हणजे कुणी जागा सोडली तरच. हे माझ्यामुळे. भिंगरीला काडीचं दुःख नाही. ते सगळं मी एकटीच करतेय.

२४ फेब्रुवारी

निळ्या शाळेतून फोन! मला वाटलं, जागा झाली. मी ओरडून सगळ्यांना गोळा केलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलीबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलायचंय.

आमच्याकडे पोहायला शिकवायला याल का? त्या तरुण शिक्षकाला एकट्याने झेपत नाही, त्यानेच तुमचं नाव काढलं. मुलाखत होईल, एक तास शिकवून दाखवावा लागेल.

मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि खाली फरशीवरच बसले.

२५ फेब्रुवारी

नाही म्हणणार आहे. आयुष्यात मी कुठे अर्ज केलेला नाही. तलावावर पोहायला जायचे, एक दिवस तिथल्या दादांनी शिट्टी हातात दिली, तीच अजून आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? तिथे सगळे शिकलेसवरलेले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पोरीला सात ठिकाणी पाठवायला निघाली होतीस, आणि तुला एका ठिकाणी जाववत नाही? रागावून बोलला नाही. म्हणून जास्त लागलं.

२८ फेब्रुवारी

जाणार आहे! भिंगरी माझी तयारी करून घेतेय. आजीची शाल खांद्यावर टाकून मुख्याध्यापिका झाली. विचारलं, तुमच्यात उणीव काय? मी म्हटलं, बोलायला लागले की थांबत नाही. ती म्हणाली, ते सांगू नका, त्यांना दिसेलच.

मग तिने विचारलं, आमची शाळा का? मी छानसं काहीतरी जुळवायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, पाठ नको. मग मी खरं ते सांगितलं — त्या मुलीचा दुसरा हात सुटलेला बघायचाय. ती म्हणाली, हे बरं आहे.

६ मार्च

घेतलं! मला घेतलं! शिकवताना एकदा घसरले, पोरं खिदळली, मीही. मुलाखतीत आवाज कापत होता, पण बोलले. शाळेच्या नव्या वर्षापासून रुजू व्हायचं.

सासूबाई म्हणाल्या, "मुलीला दाखल करायला गेली आणि स्वतःच दाखल होऊन आली." सबंध मजल्याला हे वाक्य ऐकवून झालंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती ठिकाणी अर्ज केला होता?

१९ मार्च

सकाळी मुख्याध्यापिकांचा फोन. एक जागा मोकळी झालीय, भिंगरीला घेता येईल, दोघी सोबतच या. मला वाटलं, आता आनंदाने छाती फुटेल. एकच रस्ता, एकच शाळा, रोज बरोबर! रिसीव्हरवर हात ठेवून तिला सांगितलं.

भिंगरी लाकूड घासत होती. हात थांबला. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुला वाईट वाटणार नसेल तर नको."

वाटलं. थोडं. मग हात काढला आणि फोनमध्ये म्हटलं, आमच्याकडून एकच जण येईल. मी.