रुग्णभेट गटाचा समारोप
चि. ताईस अनेक आशीर्वाद.

मी चर्चला निघालो आहे. आपला रुग्णभेट गट आज सायंप्रार्थनेनंतर विसर्जित होईल. रुग्णांचे जिने आता आम्हांलाच चढवत नाहीत. पाळक हसून म्हणाले, "बाबा, तुम्हांलाच भेटायला एक गट काढावा लागेल!"

गट जो सुरू करील, त्यानेच शेवटची प्रार्थना करावी, हा आपला नेम. तो सुरू केलास तू. तुझ्या आईच्या उशाशी आम्ही प्रार्थना करीत राहिलो, तरी ती गेली. तेव्हापासून तू चर्चला येत नाहीस. मी कधी जाब विचारला नाही, आजही विचारणार नाही. केवळ ये. शब्द सुचले नाहीत तर नुसती शेजारी बैस. तिथून एकट्याने घरी परतण्याचा आता फार कंटाळा आला आहे, बाळ.

— बाबा