अंटार्क्टिकातल्या खाडीचं बारसं

बाबा, गेल्या शुक्रवारी मी आत्या झाले. दुसऱ्यांदा. पहिली खेप तुम्ही विसरणं शक्यच नाही, कारण तो सगळा उपद्व्याप तुमचाच होता.

आपण आखातात खोर फक्कानला राहायचो तेव्हा शेजारच्या काकूंच्या बाळाचं बारसं होतं. पुण्याहून खास आलेली त्याची आत्या पाळण्यावर वाकली, तिने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. मला ते धपाटे हवे होते. घरी येऊन मी विचारलं, "आई, व्हेन इज माय टर्न?" आई म्हणाली, "तुला भाऊच नाही, तर तू आत्या कशी होणार?" मी रुसून जेवले नाही. मग तुम्हीही जेवला नाहीत.

तुम्ही बंदराच्या ऑफिसात समुद्राचे नकाशे सांभाळायचात. जहाजांनी टाकून दिलेले जुने नकाशे घरी यायचे आणि आई ते स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही डाळींचे डबे उतरवता आणि एक नकाशा ओढून काढता. अंटार्क्टिकाचा किनारा. हळदीच्या डागाशेजारी करंगळीच्या नखाएवढी खाडी, बिननावाची. "ही माझी नात," तुम्ही जाहीर करता. आई कमरेवर हात ठेवून विचारते, "अस्सं? आणि हिचा बाप कोण?" "समुद्र. आजपासून तो माझा मुलगा. यल्ला, घुगऱ्या शिजायला टाक!" टेबलाखाली साडीची झोळी बांधली, नकाशा तिच्यात निजवला, काकूंना बोलावलं. मी वाकून नाव सांगितलं, पिटुकली. सगळ्यात जोरदार धपाटा तुमचा होता. "अहो, पुरुषांनी नाही मारायचा!" काकू ओरडल्या, पण तोवर बसला होता.

नववीत असताना शाळेतल्या मोठ्या ॲटलासमध्ये आपल्या खाडीवर छापील नाव सापडलं, कुठल्याशा कप्तानाचं. मी रडकुंडीला येऊन घरी आले. "बाबा, शी ऑलरेडी हॅड अ नेम!" तुम्ही थालीपीठ उलटत होतात. "असू दे की. ते शाळेतलं नाव. घरी पिटुकलीच." एवढं साधं होतं ते. मी डोळे पुसले आणि तव्यावरचं थालीपीठ पळवलं.

तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली. आपण जिथे नुसती वाळू पाहिली होती तिथे आता दुबई मरीना आहे, आणि तिथल्याच एका उंच टॉवरमध्ये ऑफिसातला माझा धाकटा सहकारी राहतो. त्याला मुलगी झाली. "ताई, मला बहीण नाही. बारशाला आत्या व्हाल?" त्याने फार संकोचत विचारलं. मी म्हटलं, "हबीबी, मला अनुभव आहे."

घुगऱ्या झाल्या, धपाटे बसले, चांगले सणसणीत. तरी एक कमी पडला, बाबा, आणि माझे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, जोरात लागलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून सांगून टाकते. ठरवलेलं नाव मी मोठ्याने सांगितलं, ते छान आहे, शाळेत शोभेल. कानात मात्र पिटुकलीच म्हटलं.