डिकीवरचा पंजा

३ जून १९८६
आज गणवेश चढवला. आरशासमोर तीनदा जाऊन आलो, लाज वाटली नाही. टॅलिस बेंडच्या ठाण्यात मी एकटाच काळा पोलीस, बाकी सगळे गोरे. माझ्याआधीचा का सोडून गेला ते कुणी सांगत नाही, कॉफी मात्र आग्रहाने पाजतात. मला शिकवायला सार्जंट टॅकेट आहेत. पोट सुटलेलं, स्वभाव मोकळा. आईने फोनवर सुनावलं, की पोलिसाची गाडी दिसली की ती आजही दाराला कडी घालते, गाडीत मी बसलेला असलो तरी घालणारच.

८ जून
टॅकेट साहेबांनी जुनी रीत शिकवली. गाडी थांबवली की चालकाकडे जाताना तिच्या डिकीवर तळहात दाबायचा. आपलं काही बरंवाईट झालं, तर आपण तिथे होतो याला ठसा साक्षीला राहतो. मला हे फार आवडलं.
चर्चमध्ये लेम्युएल गेन्स भेटले. गावातले पियानो तेच सुरात लावतात. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, की बाळा बीमन, ही टोपी तुझी की तुझ्या साहेबाची? वर पीच घातलेल्या गोड पेस्ट्रीचा मोठा तुकडा वाढला.

२१ जून
भर दुपारी गेन्सकाकांची गाडी थांबवली. मागचा दिवा फुटला होता, एवढंच. मी डिकीवर हात दाबला. टॅकेटनी लायसन्स मागितलं. काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, पोलीस आला की ठेवायचे म्हणून आमच्यात पोरांना शिकवतात तसे. लायसन्स मागच्या खिशात आहे, काढतो, असं सांगून मगच हात हलवला. टॅकेटनी गोळी घातली.
त्यांच्या हातात पाकीट होतं. मी पाहिलं.
टॅकेट म्हणाले, पिस्तूल होतं. मग सीटखालून एक काढूनही दाखवलं. मला म्हणाले, तू आता आमच्यातला, तूही पाहिलंस. मी हो म्हटलं. मग त्यांनी रुमाल दिला आणि डिकीवरचा माझा ठसा पुसायला लावला. कशाला, ते विचारलं नाही.

२४ जून
काकांच्या दफनाला गेन्सकाकूंनी विचारलं, त्यांच्या हातात काय होतं. ड्यूटी आहे म्हणालो आणि निघालो. मला माझीच किळस आली.
घरी आलो तर माझ्या गाडीच्या डिकीवर पंजा. धुऊन टाकला.

२६ जून
रोज धुतो, रोज उमटतो. आज घराच्या दारावरही. त्यावर हात ठेवून पाहिला. बोट न् बोट जुळलं. माझाच.
टॅकेट म्हणतात, ऊन लागलंय.

२७ जून
शर्ट काढला. पाठीवर पंजा, धुळीचा. तिथे माझा हात पोचत नाही—

२८ जून
आता सांगून टाकणार. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे निघालोय. साधे कपडे, स्वतःची गाडी.

मागे लाल-निळा दिवा. गाडी बाजूला घेतली. वही स्टिअरिंगवर ठेवून लिहितोय, म्हणजे हात दिसतील—

डिकीवर थाप.

टॅकेट नाही. गणवेश नवा. छातीवर नावाची पट्टी— बीमन. टोपीखाली माझाच चेहरा. तोही घाबरलाय.

पाकीट होतं, मी पाहिलंय, हेच सांगायला चाललोय, असं त्याला म्हटलं. ऐकत नाही. लायसन्स मागतो.

मागच्या खिशात आहे म्हटलं. काढ म्हणतो. त्याचा हात पिस्तुलावर गेलाय. मी हळूच—