बिनफोडणीचं घर

कुपवाड, शुक्रवार

तीर्थस्वरूप अक्कास,

बिरदेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला यमाईच्या कृपेनं ताळ्यावर असतील. इकडं आम्ही दोघंही जिवंत आहोत. (हे मुद्दाम का लिहितो, ते पुढं कळेल. फोनच करणार होतो, पण रंगू मधे मधे बोलते आणि गोष्ट तिचीच होऊन जाते.)

रंगूच्या हृदयात स्प्रिंग बसवून तिला घरी आणलं, हे तुला ठाऊकच आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं दिवा लावला आणि तेलाचा डबा उचलून माळ्यावर नेऊन ठेवला. डॉक्टर म्हणाले होते, तेल-तूप अगदी बेतानं. आता बेत म्हणजे किती, हे माझ्या हाताला कुठं ठाऊक? मग मुळातच नको, असं ठरवून मी चुलीचा ताबा घेतला. (गॅसच आहे, पण बोलायची सवय.) नुसती शिजवलेली डाळ, उकडलेला दोडका आणि भाकरी, जिचा आकार मी सांगत नाही. रंगू पहिल्याच घासाला माझ्याकडं बघत राहिली. "आवं, घरात सुतक हाय का?" मयताच्या घरी फोडणी देत नाहीत, ही आपली रीत मलाही ठाऊक, पण डॉक्टरपुढं रीत कसली, म्हणून मी ताट पुढं सारलं. ती दोन घास खाऊन उठायची. तिचा चेहरा पार उतरला. मरणाच्या दारातून आणलेलं माणूस माझ्याच हातच्या जेवणानं उपाशी राहतंय, हे बघून मी देवापुढं जाऊन बसायचो. पण देवी स्वयंपाकातलं काही सांगत नाही.

तशात शेजारची मेहरुनबी आणि निजामभाई पाटणला लेकीकडं गेलेले परत आले. आमचं काहीच त्यांच्या कानावर नव्हतं. भिंतीला भिंत लागून आमची स्वयंपाकघरं. त्यांच्या लसणाचा वास आमच्याकडं, आमच्या मोहरीचा त्यांच्याकडं. आता आमच्याकडून वासच येईना. निजामभाई टोपी घालून आला आणि माझ्याशेजारी खाली बसला.

"कवा झालं रं गड्या?"

"झाला की आठवडा. मिरजेला."

"लय तरास?"

"न्हाई. तिला कायबी कळलं न्हाई."

त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, काय ही माया! "त्याची मर्जी," तो म्हणाला. "व्हय, त्याच्याच मर्जीनं समदं ब्येस झालं," मी म्हणालो. तो माझ्याकडं टकामका बघायला लागला. तेवढ्यात मेहरुनबी पदराखाली झाकून पिठलं-भाकरी घेऊन आली (दुःखाच्या घरी शेजारी नेतात तशी), आणि आतून रंगूनं विचारलं, "कोन आलंय वं?" पातेलं पडता पडता राहिलं.

मग खुलासा झाला, थोडं रडणं झालं आणि त्याहून जास्त हसणं. "माझ्याच मयताचं पिठलं," म्हणत रंगू ताटावर बसली आणि, अक्का, तिनं सगळी भाकरी खाल्ली. हात धुऊन मला म्हणाली, "त्याल कमी घाला, पर वास तरी येऊ द्या. शेजारनीला कळाय पायजे, ह्या घरात मानसं हायती."

ते बोलणं मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसलो. पळीनं देवांवर पाणी घालताना वाटलं, एवढ्याशा पळीत देवांची अंघोळ होते, कधी कुरकूर नाही. मग माणसाच्या आमटीला ती का पुरू नये? पण देवाची पळी तेलात घालायची कशी? बरेच दिवस मनाशी झुंजलो. आज हात जोडून देवीला विचारलं. ती काही बोलली नाही, आणि बाईमाणसाच्या जेवणाचा प्रश्न असताना देवीचं गप्प राहणं म्हणजे होकारच, असं मी धरलं. डबा माळ्यावरून खाली काढला. एकच पळी तेल, कढई चांगली तापलेली, मोहरी, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. वर शेवग्याच्या शेंगांची आमटी. खिडकी सताड उघडी. चर्र झालं तशी भिंतीपलीकडून हाक आली, "रंगू, काय केलंस गं आज?" रंगू ओरडली, "म्या न्हाई, ह्येंनी!" आणि आमटीबरोबर अर्धी भाकरी वरून मागितली.

तुझा धाकटा,
बिरदेव

ता. क. देव सध्या स्टीलच्या चमच्यानं अंघोळ करतात. तुझ्याकडच्या यमाईच्या देवळापुढच्या दुकानातून तांब्याची एक पळी घेऊन पाठव. पत्र त्याचसाठी. पळीबरोबर तूप पाठवू नकोस.

ता. क. २. पत्र रंगूला वाचून दाखवलं. ती म्हणते, "वन्सं, पळी चांगली खोलगट बघून घ्या." तू हवी तेवढी खोलगट घे, ती देवांनाच जाईल. जुनी पळी मी आत्ताच तेलाच्या डब्याच्या कडीला दोऱ्यानं पक्की बांधून टाकली. गाठ मारताना दोऱ्यावर बोट रंगूनंच धरलं.